दारूबंदीवाल्यांचा पब

गुरुवार, एडिंबरा

स्कॉटलंडमध्ये दुकानातून दारू घ्यायची तर सकाळी दहा ते रात्री दहा, एवढीच मुभा. विमानतळावरून घरी येताना भाचीने सुपरमार्केटपाशी गाडी थांबवली तेव्हा दहा वाजून गेले होते. दूध मिळालं, ब्रेड मिळाला, वाइनच्या फळ्यांकडे जायची वाट मात्र अडवलेली. काउंटरवरचा पोरगा अगदी नम्रपणे "उद्या सकाळी या" म्हणाला. वेळेसारखाच दराचाही नियम आहे. २०१८ पासून इथे दारूला किमान किंमत बांधून दिली आहे. आधी एका युनिटला, म्हणजे दहा मिलिलिटर शुद्ध अल्कोहोलला, ५० पेन्स होती, सप्टेंबर २०२४ च्या अखेरीपासून ६५ झाली. ज्यांच्या देशाचं नाव घेऊन जगभरचे लोक पेग मागवतात, त्यांच्या घरी हे असं.

"मावशी, लोक इथे डिस्टिलऱ्या बघायला येतात," भाची गाडी सुरू करता करता म्हणाली. "तू दारू सोडलेल्यांची गावं बघणार?"

बघणार होते खरी. माझ्या माहेरच्या गावात बायकांनी बाटली आडवी केली होती, तेव्हापासून हे डोक्यात होतं. महाराष्ट्रातल्या वाचकांना उभी बाटली आणि आडवी बाटली समजावून सांगायला नको. मतपत्रिकेवर दोन चित्रं. दुकान राहू दे म्हणणाऱ्यांनी उभ्या बाटलीवर शिक्का मारायचा, बंद करा म्हणणाऱ्यांनी आडव्या. गोम अशी की नुसतं बहुमत पुरत नाही. यादीत नोंदलेल्या मतदारांपैकी निम्म्याहून जास्त मतं आडव्या बाटलीला पडावी लागतात. म्हणजे शेतावर गेलेली, तापाने फणफणलेली, नवऱ्याच्या धाकाने घरी बसलेली प्रत्येक बाई उभ्या बाटलीच्या खात्यात जमा. कितीतरी गावांत बायका या एका कलमापायी हरल्या.

हेच गणित स्कॉटलंडमध्ये शंभर वर्षांपूर्वी मांडलेलं होतं हे कळलं, आणि यायचं ठरलं. १९१३ साली लंडनच्या पार्लमेंटने स्कॉटलंडपुरता कायदा केला. गावातल्या किंवा वॉर्डातल्या दहा टक्के मतदारांनी सह्या करून मागणी केली की मतदान घ्यायचं. पर्याय तीन: आहे तसं चालू द्या, परवाने एक चतुर्थांशाने कमी करा, किंवा सगळे परवाने बंद. सगळे बंद करायचे तर झालेल्या मतदानापैकी ५५ टक्के मतं हवीत, आणि शिवाय ती एकूण यादीच्या निदान ३५ टक्के भरली पाहिजेत. घरी बसणाऱ्यांचा विचार त्यांनीही करून ठेवलेला! दारू विकणाऱ्यांना सावरायला सवड हवी म्हणून पहिलं मतदान १९२० पर्यंत लांबवलं. मधल्या काळात महायुद्ध होऊन गेलं आणि १९१८ मध्ये तिशीपुढच्या बायकांना मत मिळालं. दारूवाल्यांनी सवड मागून घेतली आणि त्या सवडीत मतदारयादीत बायका आल्या.

शुक्रवार, न्यूटनग्रेंज

वेव्हर्ली स्टेशनवरून बॉर्डर्स लाइनच्या गाडीने न्यूटनग्रेंज वीसेक मिनिटांवर. १९६९ मध्ये बंद पडलेला हा लोहमार्ग २०१५ मध्ये थोड्या अंतरापुरता पुन्हा सुरू झाला. स्टेशनातून बाहेर पडलं की समोर लेडी व्हिक्टोरिया कोळसाखाणीच्या विटांच्या इमारती आणि वर पोलादी चाकांचा मनोरा. १८९० च्या दशकात खणलेली ही खाण १९८१ मध्ये बंद झाली. आता तिथे स्कॉटलंडचं राष्ट्रीय खाण संग्रहालय आहे. सोळाशे फुटांहून खोल विहीर, आणि तीत माणसं आणि कोळसा वरखाली करणारं वाफेचं अवाढव्य इंजिन. ते बघताना मान दुखते. इथले मार्गदर्शक बरेचदा जुने खाणकामगारच असतात. आम्हाला भेटले ते आजोबा गावाला सरळ "निटन" म्हणत होते. न्यूटनग्रेंज असं पूर्ण नाव फक्त पाटीवर आणि माझ्या तोंडी.

हे गाव लोदियन कोल कंपनीने वसवलं असं म्हटलं तरी चालेल. १८९० मध्ये आर्चिबाल्ड हूड यांच्या खाणी आणि लोदियनच्या मार्क्विसच्या, म्हणजे तिथल्या उमरावाच्या, न्यूबॅटलच्या खाणी एकत्र येऊन ही कंपनी झाली. खाणीला नाव दिलं मार्क्विसच्या बायकोचं. रस्त्यांना मात्र नावं शोधायचेही कष्ट घेतले नाहीत. फर्स्ट स्ट्रीट, सेकंड स्ट्रीट, थर्ड स्ट्रीट, असं करत टेन्थ स्ट्रीटपर्यंत विटांच्या घरांच्या रांगा. आम्ही एकेक रस्ता पायी फिरलो. पडदे स्वच्छ, दारापुढे इवलीशी बाग, कचऱ्याचे डबे ओळीत. भाचीला हे सगळं कंटाळवाणं वाटलं. मला या नीटनेटकेपणामागचा माणूस दिसत होता.

त्या माणसाचं नाव मंगो मकाय. कंपनीचा सर्वेसर्वा व्यवस्थापक, १९३९ मध्ये मरेपर्यंत. कामगाराची बाग अस्ताव्यस्त दिसली, पोराने उपद्व्याप केला, कुणी दारू पिऊन दंगा केला, तर त्याला साहेबाच्या कचेरीत हिरव्या टेबलापुढे उभं राहावं लागे. घर कंपनीचं, भाडं पगारातून कापलेलं. साहेबाची मर्जी गेली तर नोकरीही गेली आणि छप्परही. आमचे मार्गदर्शक आजोबा यातलं काही स्वतः पाहिलेले नव्हते, पण त्यांच्या वडिलांकडून ऐकलेलं ते इतक्या आवेशाने सांगत होते की हिरवं टेबल बाजूच्या खोलीतच असावं असं वाटलं.

आता मुख्य गोष्ट. अशा गावात पबचं काय करायचं?

खाणमालकांना खाणकामगार शुद्धीवर हवा होता. सोमवारी डोकं जड झालेला माणूस खाली उतरला तर तो स्वतः मरतो आणि चार जणांना घेऊन मरतो. पण दारू पूर्ण बंद केली तर लोक शेजारच्या गावात जाऊन पिणार, नाहीतर चोरून. तेव्हा स्वीडनमधल्या गॉथेनबर्ग शहराची युक्ती इकडे आली. तिथे १८६० च्या दशकात गुत्त्यांचे परवाने एका संस्थेच्या हाती दिले होते. भागधारकांना मर्यादित व्याज, साधारण पाच टक्के, आणि वरचा सगळा नफा सार्वजनिक कामाला. विकणाऱ्याचा दारू खपवण्यात काही फायदाच ठेवायचा नाही, हे त्यामागचं मर्म. मॅनेजरला पगार, दारूच्या खपावर कमिशन नाही. उधारी नाही, जुगार नाही. स्कॉटलंडमध्ये पहिला प्रयोग फाइफमधल्या हिल ऑफ बीथ या खाणगावात १८९० च्या दशकाच्या मध्यावर झाला. मग फाइफ आणि लोदियनमधल्या खाणींच्या गावोगावी असे पब उघडले. लोक त्यांना "गॉथ" म्हणू लागले.

न्यूटनग्रेंजचा गॉथ म्हणजे डीन टॅव्हर्न. १८९९ साली कंपनीने उघडला, पुढे दहाएक वर्षांनी मोठा करून बांधला. आणि तो अजून चालू आहे, अजून विश्वस्त मंडळाच्याच मालकीचा आहे, अजून त्याचा नफा गावातल्या संस्थांना वाटला जातो. आम्ही दुपारी तिथेच जेवलो. उंच छताचा, ऐसपैस, उजेड असलेला हॉल. पब म्हटल्यावर डोळ्यांपुढे येणारे अंधारे कोपरे आणि आडोसे इथे नाहीत. कोण काय पितोय ते साऱ्यांना दिसतं. मला वाटतं ते तसं दिसावं अशीच इच्छा होती. भाचीने बिअर घेतली. मी सूप, ब्रेड आणि नारिंगी रंगाचं ते आयर्न ब्रू, ज्याची चव औषधाच्या दुकानात चुकून पडलेल्या च्युइंगमसारखी लागते.

या पबच्या पैशातून गावात काय काय झालं ते तिथल्या माणसांना तोंडपाठ आहे. पार्क, बोलिंग ग्रीन, सिनेमा, बँडला मदत, फुटबॉलला मदत. संध्याकाळी आम्ही त्या पार्कातून फिरलो. फुलांचे ताटवे, कुत्र्यांना फिरवणारी माणसं, बाकावर गप्पा मारणाऱ्या दोन म्हाताऱ्या.

मी मनातल्या मनात हिशेब मांडत होते. हा पार्क गावाने किती पाइंट प्यायल्यावर झाला असेल? आणि तो अजून सुंदर करायचा असेल तर गावाने जास्त प्यायला हवं की कमी? संयमासाठी काढलेल्या पबची ही अडचण त्या काळच्या कट्टर दारूबंदीवाल्यांनी अचूक हेरली होती. त्यांना गॉथ मुळीच पसंत नव्हते. दारूला प्रतिष्ठा मिळवून देणारी ही दुकानं आहेत, चोरट्या गुत्त्यात जायला लाजणारा माणूस इथे मान वर करून जातो, असं त्यांचं म्हणणं. १९१३ च्या कायद्यात 'गॉथ उघडा' हा चौथा पर्याय असावा असा काहींचा आग्रह होता, पण तो मतपत्रिकेवर आला नाही.

मला विचाराल तर गॉथची खरी खोट वेगळी होती. शुक्रवारी पगार देणारा हात कंपनीचा आणि शनिवारी त्यातलाच थोडा काउंटरवर परत घेणाराही हात कंपनीचा. नफा गावालाच मिळतो हे खरं, पण गावाला काय हवं ते ठरवायला बसणार कोण? हिरवं टेबल आणि डीनचा काउंटर एकाच घरातलं फर्निचर होतं. तरीही कंपनी गेली, राष्ट्रीयीकरण झालं, खाणही बंद पडली, मार्क्विसचा न्यूबॅटल ॲबी हा वाडा १९३७ पासून प्रौढांचं कॉलेज झाला, आणि या सगळ्यातून टिकला तो पब. आमच्याकडे सरकारं दारूच्या महसुलावर रस्ते आणि शाळा चालवतात आणि त्याच सरकारचं दुसरं खातं व्यसनमुक्तीच्या जाहिराती छापतं. निटनमध्ये निदान दोन्ही वह्या एका टेबलावर आहेत, आणि कोणता पैसा कुठून आला हे बोलिंग ग्रीनवरच्या म्हाताऱ्यालाही ठाऊक आहे.

शनिवार, प्रेस्टनपॅन्स

समुद्रकाठचं गाव. एडिंबऱ्याहून नॉर्थ बेरिकच्या गाडीने गेलो. मध्ययुगात न्यूबॅटलच्या मठातले साधू कोळसाही खणत आणि इथे फोर्थच्या खाडीकाठी तो जाळून समुद्राच्या पाण्याचं मीठही काढत. कालच्या आणि आजच्या गावाची ओळख ही अशी जुनी.

इथला गॉथ १९०८ चा. काल पाहिलेल्या डीनपेक्षा हा फारच देखणा. मालकीचं रामायण बरंच मोठं आहे, मधे तो पडीकही होता, २००४ मध्ये पुन्हा उभा केला. तटाच्या भिंतींवर गावाच्या इतिहासाची रंगीत चित्रं काढली आहेत, मीठकरी, खाणवाले, कोळी. गावातल्या लोकांना त्यांचा अभिमान आहे. मला एवढ्या सजावटीत तो पब आता संग्रहालयाच्या वाटेला लागल्यासारखा वाटला. वारा असा होता की छत्री उघडायची सोय नाही. फिश अँड चिप्स खाऊन चारच्या गाडीने परत.

रविवार, एडिंबरा

पाऊस. घरीच.

रविवारी घरी बसणं इथे शंभर वर्षांहून जास्त काळ कायद्यानेच बरं होतं. १८५३ चा कायदा फोर्ब्स मकेंझी या खासदाराच्या नावाने ओळखला जातो. त्याने स्कॉटलंडमधले सगळे पब रविवारी बंद केले आणि एरवी रात्री अकराला बंद करायला लावले. अपवाद हॉटेलांचा, तोही फक्त खऱ्याखुऱ्या प्रवाशापुरता. रविवारी पेला हवा असेल तर आपण प्रवासी आहोत असं सांगायचं. मग काय, रविवारी अर्धा स्कॉटलंड प्रवासाला निघायचा! क्लाइड नदीवरच्या आगबोटींना हा कायदा लागू नव्हता, म्हणून रविवारच्या जलसफरी तुडुंब भरत. ती पळवाट बुजवायला १८८२ मध्ये वेगळा कायदा करावा लागला. प्रवाशांची सवलत गेली ती १९६२ मध्ये, हॉटेलांना रविवारी सगळ्यांनाच दारू द्यायला मोकळीक मिळाली म्हणून. पब रविवारी उघडायला तर १९७६ चा कायदा यावा लागला.

भाचीला मी हे सांगितलं तर तिने फ्रिज उघडून दाखवला. शुक्रवारीच दोन बाटल्या आणून ठेवल्या होत्या.

प्रवासाचं आणि दारूबंदीचं आणखी एक नातं आहे. ज्याच्या नावाने जगभर सहली निघाल्या त्या थॉमस कुकने १८४१ मध्ये पहिली गाडी ठरवली ती लेस्टरहून लफबराला, दारूबंदीच्या सभेला माणसं नेण्यासाठी. माणशी एक शिलिंग. पुढे १८४६ मध्ये तो स्कॉटलंडलाही सहल घेऊन आला. पर्यटकांच्या पुढच्या पिढ्यांनी त्याच्या मूळ हेतूचं काय केलं ते एडिंबऱ्याच्या रॉयल माइलवर संध्याकाळी सातनंतर बघावं.

सोमवार, ग्लासगो आणि मेरीहिल

ग्लासगो ग्रीनमध्ये एक कारंजं आहे, १८८१ सालचं, सर विल्यम कॉलिन्स यांच्या सन्मानार्थ. ते शहराचे लॉर्ड प्रोव्होस्ट, म्हणजे महापौर होते, आणि दारूला हात न लावणारे म्हणून लोक त्यांना "वॉटर विली" म्हणत. आपल्याकडे शाळेत जी कॉलिन्सची डिक्शनरी वापरतात ती याच घराण्याच्या छापखान्याची. त्यांचे वडील, तेही विल्यम कॉलिन्सच, हे १८२९ पासून दारूविरोधी चळवळीचे खंदे प्रचारक. बायबल आणि शाळेची पुस्तकं छापणारा छापखाना हाताशी होता, चळवळीची पत्रकंही तिथेच छापली. छापखाना नसता तर ही चळवळ एवढ्या वेगाने खेडोपाडी गेली असती असं मला वाटत नाही.

दुपारी सॉकीहॉल स्ट्रीटवर विलो टी रूम्समध्ये चहा. चार्ल्स रेनी मॅकिन्टॉशने १९०३ मध्ये केलेल्या सजावटीसाठी लोक रांग लावतात. उंच पाठीच्या खुर्च्या, जांभळी काच, सगळं खरोखर सुंदर. पण मला मालकिणीचं जास्त अप्रूप. केट क्रॅन्स्टन या बाईंनी आपलं पहिलं चहाघर १८७८ मध्ये उघडलं ते आर्गाइल स्ट्रीटवरच्या एका टेम्परन्स हॉटेलच्या तळमजल्यावर. दारू न देणारी हॉटेलं त्या काळी गावोगावी होती. पुरुषाला भेटायला, बोलायला पब होता. बाईला चार घटका बसायला जागाच नव्हती, ती चहाघराने दिली. दारूबंदीच्या चळवळीने पुरुषांच्या हातून किती पेले काढून घेतले याचा हिशेब वादाचा आहे. बायकांना तिने खुर्च्या दिल्या, सभा दिल्या, अध्यक्षपदं दिली, यात वाद नाही.

तिथून बसने मेरीहिल. आज ही ग्लासगोची एक पेठ आहे, १८२९ मध्ये फोर्थ अँड क्लाइड कालव्याकाठचं स्वतंत्र खेडं होतं. मला सगळ्यात जास्त इथे यायचं होतं, कारण स्कॉटलंडमधली पहिली दारूविरोधी मंडळं या खेड्यात आणि ग्रीनॉकमध्ये त्या वर्षीच्या शरदात स्थापन झाली. ग्रीनॉकचे जॉन डनलॉप फ्रान्सला गेले होते. वाइनच्या देशात स्कॉटलंडएवढे झिंगलेले लोक दिसत नाहीत, हे पाहून ते चक्रावले. परत आल्यावर त्यांनी मावशीच्या गावी प्रचार सुरू केला. मेरीहिलच्या गेअरब्रेड घराण्याच्या लिलियस ग्रॅहॅम या त्यांच्या नात्यातल्या बाईंनी तो उचलून धरला. डनलॉप यांच्या आईची बहीण असं म्हणतात, म्हणून मावशी. भाचीकडे बघून मी यावर जोर दिला.

आधी पार्श्वभूमी. १८२३ च्या कायद्याने व्हिस्कीवरचा कर बराच उतरवला. चोरट्या भट्ट्या मोडाव्यात हा हेतू होता आणि तो साधलाही, पण त्याबरोबर कायदेशीर व्हिस्की स्वस्त झाली. १८३० च्या दशकात पंधरा वर्षांवरच्या प्रत्येक माणसामागे आठवड्याला जवळजवळ एक पाइंट, म्हणजे अर्ध्या लिटरच्या आसपास, व्हिस्की खपत होती, असा इतिहासकारांचा हिशेब आहे. बायका आणि न पिणारे धरून! डनलॉप यांना कळलं की हे नुसतं चवीचं प्रकरण नाही. कारखान्यात नवा उमेदवार आला की त्याने सगळ्यांना पाजायची, पहिला पगार झाला की पाजायची, लग्न ठरलं की पाजायची, बारसं, मयत, सौदा, प्रत्येकाला बाटली ठरलेली. न पिणारा दंड भरतो, नाहीतर वाळीत पडतो. या रिवाजांची त्यांनी धंद्यामागून धंदा अशी यादीच केली. मला हे फार महत्त्वाचं वाटतं. दारुड्याला पापी म्हणून मोकळं होणं सोपं, पिणं ज्याने सक्तीचं केलं तो रिवाज पकडणं अवघड.

सुरुवातीची शपथ सौम्य होती: व्हिस्की, रम असली कडक दारू सोडायची, बिअर आणि वाइन चालेल. गरिबाची व्हिस्की वाईट आणि श्रीमंताची वाइन चांगली, हे कामगारांना पटेना. म्हणून १८३० च्या दशकात संपूर्ण वर्ज्य करणारी दुसरी, जास्त कडवी मंडळं निघाली आणि त्यांत गिरणीतले आणि मागावरचे लोक पुढे होते. पुढे लहान मुलांसाठी बँड ऑफ होप, मग बायकांच्या संघटना. खेड्यात चर्चचा हॉल आणि टेम्परन्स हॉल, संध्याकाळ घालवायला एवढंच.

मेरीहिलच्या जुन्या बर्ग हॉल्समध्ये, म्हणजे नगरपालिकेच्या सभागृहांत, स्टीफन ॲडमने केलेल्या रंगीत काचा आहेत. त्यांत देव, संत, राजे कोणी नाहीत, गावातले कामगार आहेत आपापली हत्यारं घेऊन. डनलॉप ज्यांच्या पाजण्याच्या चालीरीती टिपत होता त्यांचीच नातवंडं म्हणायची.

इथे एक पुण्याचा धागा. जोतीराव फुले ज्या शाळेत शिकले ती स्कॉटिश मिशनची. पुढे पुणे नगरपालिकेचे सभासद असताना १८८० मध्ये त्यांनी शहरात दारूची नवी दुकानं उघडण्याविरुद्ध पत्र लिहिलं. स्कॉटिश मास्तरांमुळे लिहिलं असं मी म्हणणार नाही, पुण्यातले गुत्ते बघायला त्यांना कुणाचा चष्मा लागत नव्हता. पण नगरपालिकेच्या सभासदाने परवान्यावर बोट ठेवायचं, ही लढाईची जागा दोन्हीकडे एकच.

मंगळवार, कर्किन्टिलॉक

कालचाच कालवा पूर्वेकडे कर्किन्टिलॉकला येतो. याला खेडं म्हणवत नाही, छोटं शहर आहे. पण मतदानाची गोष्ट इथे आल्याशिवाय पुरी होत नव्हती. १९२० च्या पहिल्या फेरीत स्कॉटलंडमध्ये बहुतेक ठिकाणी "आहे तसं चालू द्या" हाच कौल पडला. दारू बंद करणारी गावं थोडी, चाळीसेक. चळवळीला नव्वद वर्षं झाल्यावर मिळालेलं फळ एवढंसं. पण ज्यांनी बंद केली त्यांतली काही चिवट निघाली. उत्तरेकडचं विक हे हेरिंग माशांचं बंदर १९२२ ते १९४७ कोरडं राहिलं. तिथे तर गावात व्हिस्कीची डिस्टिलरी होती! कर्किन्टिलॉक १९२३ मध्ये कोरडं झालं आणि थेट १९६७ पर्यंत राहिलं. याच काळात, १९२२ मध्ये, डंडीमध्ये दारूबंदी पक्षाचे एडविन स्क्रिमजर यांनी विन्स्टन चर्चिलना पाडलं. सहाव्यांदा उभे होते. माणूस चिकाटीचा.

कायद्यात पिण्यावर बंदी नव्हती, विकण्यावर होती. हद्दीबाहेर जाऊन प्या, घरी आणून प्या. त्यामुळे "कोरडं गाव" म्हणजे संध्याकाळी सातला रिकामं होणारं आणि रात्री साडेदहाला डुलत परत येणारं गाव, अशी टवाळी सगळीकडे व्हायची. मला ती पुरती पटत नाही. पबपर्यंत तीन मैल चालायचं असेल तर रोज जाणारा आठवड्यातून दोनदा जातो. माझ्या माहेरी बाटली आडवी झाल्यावर हेच झालं. पिणारे शेजारच्या गावच्या फाट्यावर जात राहिले, पण पोरांच्या डोळ्यांसमोरचं, शाळेच्या वाटेवरचं दुकान गेलं, आणि बायकांना तेवढंच हवं होतं.

गावात फिरलो. पील पार्कात रोमनांच्या अँटोनाइन तटबंदीचे अवशेष आहेत, भाचीने त्यांचे भरपूर फोटो काढले. हाय स्ट्रीटवर आता पब आहेत, दारूची दुकानं आहेत, नवल वाटावं असं काही नाही. १९७६ च्या कायद्याने गावागावांचा हा मतदानाचा हक्कच काढून टाकला आणि परवान्यांचा सगळा कारभार मंडळांच्या हाती दिला. आज इथल्या एखाद्या गल्लीतल्या बायकांना कोपऱ्यावरचं दुकान नको असेल, तर हरकत नोंदवता येते. शिक्का मारून ते बंद करता येत नाही. त्या बाबतीत आमच्या गावची ग्रामसभा पुढे आहे.

कालव्याकाठी बाकावर एक आजोबा बदकांना पाव टाकत होते. मी साडीत, भाची जीन्समध्ये. त्यांनीच विचारलं कुठून आलात म्हणून. कशाला आलो ते सांगितल्यावर मोठ्याने हसले. १९६७ मध्ये ते विशीत होते. आई चर्चमधली, आयुष्यभर "बंद"ला मत देत आलेली. वडील फाउंड्रीत, शुक्रवारी संध्याकाळी पायी हद्दीबाहेर जाणारे. त्या वेळच्या मतदानाच्या दिवशी दोघं एकत्र केंद्रावर गेले, एकत्र परत आले आणि कुणी कुणाला काही विचारलं नाही.

"मग पब उघडल्यावर आई काय म्हणाली?" मी विचारलं.

"पहिला उघडला त्याच्या स्वयंपाकघरात नोकरीला लागली," ते म्हणाले. "पगार बरा होता. आणि बाबा किती पितात ते तिला आता तिथल्या तिथे दिसायचं."